आईने 'मालगुडी'ला 'सुरभी' म्हटलं! जुन्या दूरदर्शनच्या शीर्षकधून एकमेकींसारख्या का वाटतात?

माजघर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, संगीतातलं मला फारसं कळत नाही. पण गेल्या रविवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये आणि ती विचारायला याहून बरी जागा सुचली नाही.

माझी आई ७९ वर्षांची आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. टीव्ही ती ऐकते. रविवारी भाचरं आली की त्यांचा एक खेळ ठरलेला असतो. मोबाईलवर जुन्या मालिकांचं शीर्षकसंगीत लावायचं आणि आजीने ओळखायचं. 'हम लोग', 'बुनियाद', 'नुक्कड', 'महाभारत', काहीही लावा, दुसऱ्या-तिसऱ्या सुराला तिचं उत्तर तयार. पोरांना त्याचं फार अप्रूप.

परवा 'मालगुडी डेज'चं ते ता-ना-ना-ना लागलं आणि आई म्हणाली, "सुरभी." पोरं ओरडली, आजी हरली म्हणून. आईने हात वर करून त्यांना गप्प केलं, परत लावायला सांगितलं, मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाली, "मालगुडीच आहे रे. पण हे सुरभीच्या घरातलं आहे."

रात्री सगळे गेल्यावर मी दोन्ही एकापाठोपाठ लावल्या. चाल एक नाही, हे मलाही कळतं. मालगुडीची धून दुपारी झोपाळ्यावर बसल्यासारखी आहे, सुरभीची जास्त भरभर जाते. तरीही आई म्हणते ते काहीतरी आहे, पण कशावर बोट ठेवायचं ते कळत नाही. तिला असंच आकाशवाणीची सकाळची धून आणि दूरदर्शनची धून यांच्याबद्दलही वाटतं.

हे तिचं वय आहे की खरंच त्या काळच्या धुनांत काही सारखेपणा होता? जाणकारांनी कृपया सांगावं.

गिरगावची_चाळ

ताई, आईंना नमस्कार सांगा.

आमच्या मजल्यावर १९७८ साली एकच टीव्ही होता. लाकडी कपाटातला, पुढे सरकत्या शटरचा. तो लागला की चित्र उजळायला वेळ लागायचा, पण आवाज आधी यायचा. आम्ही पोरं गॅलरीत खेळत असायचो आणि ती शहनाई भिंतीतून ऐकू आली की चपला टाकून पळायचो. पहिल्यांदा आम्ही टीव्ही कानानेच ओळखला. पडद्यावरची ती दोन वर्तुळं फिरत फिरत डोळ्याच्या आकारात बसायची, तोवर आम्ही सतरंजीवर जागा धरलेली असायची.

एक माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. मी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्या संचांमध्ये स्पीकर तळहाताएवढा असायचा, तोही बाजूला तोंड करून लावलेला. इतक्या लहान स्पीकरला खालचा, घुमणारा आवाज काढताच येत नाही. डग्गा, चेलो, खर्जातला तंबोरा हे जवळपास पुसलं जायचं. उरायचं ते मधलं आणि वरचं: शहनाई, व्हायोलिन, बासरी, सतार. म्हणजे प्रत्येक धुनेचा एक पट्टाच आपल्यापर्यंत पोचायचा आणि सगळ्या धुनांचा तोच पट्टा. मुलाने मला चांगले हेडफोन आणून दिले, ते लावून मी 'भारत एक खोज' ऐकलं तेव्हा खाली किती काय काय चाललंय ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मी चकित होऊन परत परत ऐकत बसलो.

त्यामुळे आईंना सारखेपणा वाटतो त्यात या स्पीकरचाही हात असणार.

अडुळसा

वाचतेय. धागा छान आहे. आमच्याकडे 'व्यत्यय' लागला की त्यामागे जे वाद्यसंगीत वाजायचं तेही मला अजून ऐकू येतं.

मिरजेचा_तंबोरा

माजघरताई, तुमच्या आईंचे पाय धरावेत असं वाटतंय. त्या चुकल्या नाहीत. 'सुरभीच्या घरातलं' हे शब्दशः खरं आहे.

'मालगुडी डेज'चं संगीत एल. वैद्यनाथन यांचं. 'सुरभी'ची शीर्षकधून डॉ. एल. सुब्रमण्यम यांची. हे दोघे सख्खे भाऊ. धाकटा भाऊ एल. शंकर. तिघंही व्हायोलिनवादक आणि तिघांनाही शिकवलं वडिलांनी, व्ही. लक्ष्मीनारायण यांनी. वडील जाफन्याला संगीत शिकवत, १९५८च्या दंगलींनंतर कुटुंब मद्रासला आलं. तिघे भाऊ एकत्र व्हायोलिन त्रयी म्हणूनही वाजवत. पुढे वैद्यनाथन चित्रपटसंगीताकडे वळले. कमल हासनचा संवाद नसलेला 'पुष्पक' आठवतो ना? त्याचं संगीत त्यांचंच. सुब्रमण्यम जगभर मैफिली करत राहिले.

आता 'घर' कानाला कसं कळतं ते सांगते. मी मिरजेत गायन शिकवते. माझ्या मुलींना मी आधी एकच स्वर सरळ लावायला सांगते, गंधार लावला की तो भिंतीवर खिळा ठोकल्यासारखा स्थिर हवा. आपल्याकडे हिंदुस्थानी पद्धतीत मींड असते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आंदोलन असतं, म्हणजे स्वर हलका झुलवणं, पण ते ठरावीक ठिकाणी. कर्नाटक पद्धतीत गमक, म्हणजे स्वराचं डुलणं, हा वरून घातलेला दागिना नाही, तो स्वराचाच भाग आहे. कित्येक रागांत गंधार किंवा निषाद त्यांच्या जागी उभाच राहत नाही, शेजारच्या स्वराला स्पर्श करून डुलत येतो. व्हायोलिनवादक मांडी घालून बसतो, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि खांदा मोकळा राहिल्यामुळे डावा हात तारेवर वर-खाली वाहतो. लहानपणापासून तसा वाढलेला माणूस साधी चाल बांधायला बसला तरी ते डुलणं त्याच्या चालीत उतरतं, मग ती चाल कुणी गुणगुणो नाहीतर कुठल्याही वाद्यावर वाजवो.

चाल वेगळी, लय वेगळी, पण बोलण्याची ढब एक. आवाज ओळखीचा वाटावा आणि माणूस कोण ते चटकन आठवू नये, तसं आईंचं झालं असणार.

माजघर

मी हे आईला आत्ताच मोठ्याने वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "दोघं भाऊ आहेत अजून?" वैद्यनाथन २००७ साली गेले, हे मी शोधून तिला सांगितलं. तिने परत मालगुडी लावायला सांगितलं.

मिरजताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पोरांना फोन करून सांगितलं की आजी जिंकली.

सम_आणि_काल

उत्तम माहिती. पण एक मुद्दा मांडतो, राग नसावा.

नात्यामुळे धून सारखी होते असं धरलं तर दुसरी एक जोडी अडते. दूरदर्शनच्या धुनेवर नाव पंडित रविशंकर यांचं, शहनाई उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. 'ब्योमकेश बक्षी'चं संगीत आनंद शंकर यांचं आणि ते रविशंकर यांचे सख्खे पुतणे, उदय शंकर यांचे चिरंजीव. या दोन धुना पाठोपाठ लावून बघा. काडीचं साम्य नाही. आनंद शंकर यांनी १९७० सालीच सतारीला 'मूग' नावाचा सिंथेसायझर (विजेवर सूर काढणारं वाद्य) जोडून तबकडी काढली होती, त्यांचं घर केव्हाच निराळं झालं होतं.

उलट दूरदर्शनच्या धुनेचं सर्वांत जवळचं नातं 'सारे जहाँ से अच्छा'शी आहे. ते गीत इक्बालांचं, पण आज आपण ज्या चालीत म्हणतो ती रविशंकर यांनी १९४५च्या सुमारास मुंबईत, इप्टा या नाट्यसंघटनेत असताना बांधली. दूरदर्शनची धून त्याच सुरावटीवरून निघाली आहे. म्हणजे एका माणसाने स्वतःच्याच जुन्या चालीतून नवी काढली. सारखेपणाचं हे कारण रक्तापेक्षा पक्कं आहे.

मिरजेचा_तंबोरा

समकाल, राग कसला? तुमचं बरोबरच आहे. रक्त नव्हे, तालीम. तिघे भाऊ एका गुरूसमोर एकाच खोलीत बसून शिकले, म्हणून ढब एक. आनंद शंकर यांची तालीम रविशंकर यांच्याकडे झाली नाही, ते बनारसला लालमणी मिश्र यांच्याकडे शिकले.

आता आकाशवाणी आणि दूरदर्शनबद्दल, कारण ताईंचा तो प्रश्न मागेच राहिला.

आकाशवाणीची धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. बोहेमियातल्या कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार, १९३४ साली मुंबईत आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागले. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, सुरावट शिवरंजनीची. हा राग पाच स्वरांचा: सा, रे, कोमल ग, प, ध. भूपाचेही पाचच: सा, रे, शुद्ध ग, प, ध. एका गंधाराचा फरक, बाकी चारही तेच. पेटीवर भूप वाजवा आणि नुसता गंधार काळ्या पट्टीवर उतरवा, खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं.

दूरदर्शनची धून तुलनेने शुद्ध स्वरांची, उजळ. म्हणजे स्वरांच्या हिशेबाने या दोघी सख्ख्या नाहीत. मग आईंना त्या जवळच्या का वाटतात? माझा अंदाज, दोन्हींची उठण्याची रीत एक आहे. मागे तबला नाही, ठेका नाही, काहीतरी हळूहळू उगवतंय अशी सुरुवात आणि धरून ठेवलेला लांब स्वर. आपण रागाचा आलाप असाच करतो. दिवसाची सुरुवात करायची तर संगीतकाराला आलाप सुचणं स्वाभाविक आहे. आणि एक शहनाई, एक व्हायोलिन, दोन्ही श्वासासारखी अखंड वाजणारी. सतारीसारखा स्वर छेडला आणि विरला असं होत नाही.

पाच स्वरांबद्दल अजून एक सांगायचा मोह आवरत नाही. भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर अगदी तेच आहेत, एकही वेगळा नाही. भूपात जीव गंधारात, देसकारात धैवतात. एक रात्रीचा, एक सकाळचा. नवख्या माणसाने दोन्ही लिहून काढले तर कागदावर सारखेच दिसतील, ऐकणाऱ्याला मात्र वेगळे कळतात. आणि मालगुडी-सुरभीचं बरोबर उलटं आहे, लिहून काढलं तर वेगळं, ऐकताना सारखं. म्हणून 'सारखी आहे का?' हा प्रश्न कागदावर सुटत नाही.

गिरगावची_चाळ

मिरजताई, हे वाचून मी आत्ता पेटी काढली. काळ्या पट्टीवर उतरलो आणि हातच थांबला.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. इथल्या टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट या धाग्यात नक्की बसते, म्हणून लिहितो.

'ड्रॅगनेट' नावाची पोलिसी मालिका, १९४९ साली रेडिओवर सुरू झाली आणि १९५१च्या अखेरीस टीव्हीवर आली. तिची धून म्हणजे फक्त चार सूर. डम, डे-डम-डम. संगीतकार वॉल्टर शुमन. ही चार सुरांची आरोळी इतकी रुळली की अमेरिकेत घरात कुणाची चोरी पकडली गेली की लोक ती तोंडाने वाजवायचे. माझे इथले शेजारी ऐंशीच्या घरातले आहेत, ते अजून वाजवतात.

पुढे उघड झालं की १९४६च्या 'द किलर्स' चित्रपटात मिक्लोश रोझा यांच्या पार्श्वसंगीतात हेच चार सूर याच तोऱ्यात आहेत. प्रकाशकांमध्ये वाद झाला आणि तडजोडीनंतर रोझा यांचं नाव सहसंगीतकार म्हणून जोडलं गेलं. चार सुरांचा वाद! पण त्या चार सुरांवर मालिकेची सगळी ओळख उभी होती.

दुसरी बाजूही आहे. 'लोन रेंजर'ची धून सरळ रोसिनीच्या १८२९ सालच्या 'विल्यम टेल'मधली. हिचकॉकच्या मालिकेची धून गुनोच्या एका जुन्या रचनेची. त्यात लपवाछपवी नव्हती, जुन्या रचनांना कुणाला मानधन द्यावं लागत नसे आणि रेडिओवाल्यांकडे पैसा नव्हता. तिसरा प्रकार तयार संगीताच्या साठ्याचा. छोटे छोटे तुकडे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असत, पाहिजे तो घ्या आणि वापरा. १९५०च्या दशकात कित्येक मालिका एकाच साठ्यातून पाणी भरत होत्या, म्हणून त्या सारख्या ऐकू येतात. 'ट्वायलाइट झोन'ची गूढ धून तर मारियस कॉन्स्टंट या संगीतकाराचे असे दोन सुटे तुकडे जोडून तयार केली होती.

मला वाटतं भारतात असा साठा नव्हता. मग तिथे सारखेपणा कुठून आला, हे कुणी सांगेल का?

म्हापसा_ते_माहीम

याचं उत्तर मी देऊ शकते, कारण माझे मामा त्या ध्वनिमुद्रणांत वाजवायचे.

आमचं घराणं म्हापशाचं. मामा व्हायोलिन चर्चच्या शाळेत शिकले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून पॅरिशच्या शाळांत मुलांना सोलफेज (सूर नावाने म्हणणं) आणि नोटेशन (सूर लिहिणं-वाचणं) शिकवत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक आणि अरेंजर, म्हणजे कुठलं वाद्य काय वाजवेल ते लिहून देणारे, एवढ्या संख्येने होते ते यामुळेच, त्यांना कागद समोर ठेवला की वाचून वाजवता यायचं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं आता लोकांना माहीत झाली आहेत. मागच्या ओळीत बसणाऱ्या माझ्या मामांसारख्यांची कुठे लिहिलेली नाहीत.

चित्रपटाच्या गाण्याला पन्नास-साठ वादक असायचे. १९८४नंतर प्रायोजित मालिका सुरू झाल्या आणि त्यांच्या संगीताचं बजेट फार लहान. मामा सांगायचे, आठ-दहा माणसं, एक शिफ्ट, त्यात शीर्षकधून आणि वर भागांत वापरायला आनंदाचा, दुःखाचा, धावपळीचा असे तुकडेही वाजवून द्यायचे. एका दिवशी सकाळी एका मालिकेची शिफ्ट आणि दुपारी दुसऱ्या स्टुडिओत दुसऱ्या मालिकेची, असं त्यांना झालेलं आठवत होतं. संगीतकार वेगळे, पण बासरीवाला तोच, सतारवाला तोच, व्हायोलिनवर मामा तेच. अरेंजरने कागदावर नुसतं 'इथे भरा' लिहिलेलं असेल तर वादक आपल्या हातातलं भरायचा. सकाळी जे हातात बसलं तेच दुपारी आपसूक निघायचं.

जर्सीकर, तुमच्याकडे सुरांचा साठा टेपवर होता. आमच्याकडे तो माणसांच्या बोटांत होता.

मामांचं व्हायोलिन माझ्याकडे आहे. हनुवटी टेकायच्या जागी लाकूड पांढरं पडलंय.

अडुळसा

ताई, मामांबद्दल स्वतंत्र धागा काढाच. मनापासून विनंती.

नांदी_१८८०

जर्सीकरांच्या 'उघड उसनवारी'वरून आपलं संगीत नाटक आठवलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं, त्यातली पदं कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या चालींवर होती. जुन्या नाटकाचं पुस्तक उघडा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. कुणाची चाल घेतली हे छापून सांगायचं, हीच पद्धत. साकी, दिंडी, अंजनीगीत या पद्यप्रकारांच्या चाली तर ठरलेल्याच. प्रेक्षक नवी साकी पहिल्यांदा ऐकताना चाल आधीपासून जाणत असे, म्हणून त्याचं सगळं लक्ष शब्दांवर जाई.

आपल्या आरत्यांचं तेच. गणपतीत एका चालीत किती आरत्या निघतात! कुणाला त्यात चोरी वाटत नाही.

दूरदर्शनच्या पौराणिक मालिकांना याचाच फायदा झाला. 'रामायण'मध्ये रवींद्र जैन यांनी तुलसीदासांच्या रामचरितमानसच्या चौपाया ज्या तऱ्हेने वापरल्या, ती तऱ्हा उत्तरेत घरोघरी पाठ होती. 'महाभारत'ला राजकमल यांनी महेंद्र कपूर यांच्या आवाजात गीतेचे श्लोक घेतले, अनुष्टुभ छंद म्हणायची आपली लय त्यातही आहे. दोन्ही मालिका ऐकताना 'हे आधी ऐकलंय' असं वाटतं, कारण खरोखरच ऐकलेलं असतं, लहानपणी, आजीच्या तोंडून.

सम_आणि_काल

नांदी, चाल छापून सांगायची पद्धत हा मुद्दा फार आवडला. टीव्हीवर ती पद्धत आली नाही याची खंत वाटते. श्रेयनामावली इतकी भरकन जायची की संगीतकाराचं नाव वाचून होत नसे, वादकांचं तर नसेच. म्हणूनच आज आपण असे अंदाज बांधत बसलो आहोत.

वनराज भाटियांचं नाव अजून कसं आलं नाही? सारखेपणाच्या सगळ्या कारणांना हा माणूस अपवाद आहे. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकला, पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकला, परत येऊन हजारो जाहिरातींची जिंगल केली. लिरिल साबणाच्या धबधब्यातली ती धून त्यांचीच. १९८५ला 'खानदान', १९८८ला 'तमस', त्याच वर्षी 'भारत एक खोज'. तिन्ही एकाच हाताची आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

'भारत एक खोज' जरा जवळून ऐका. शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताचे, हिंदी रूप वसंत देवांचं. मराठी नाटकं हिंदीत नेणारे तेच वसंत देव. वेदपठण म्हटलं की आपल्याला उदात्त, अनुदात्त, स्वरित असे मोजके स्वर अपेक्षित असतात. भाटियांनी सुरुवात तशीच ठेवली, एका सुराभोवती. मग हळूहळू त्या पठणाखाली वृंदाचे वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या उंचीवर उभे केले, चर्चमधल्या समूहगायनात असतात तसे. सुरुवातीला काहीच नव्हतं, असत् नव्हतं, सत् नव्हतं, असं म्हणणाऱ्या शब्दांच्या मागे ती पोकळी ऐकू येते. त्याच्यासारखी धून दूरदर्शनवर ना आधी होती ना नंतर झाली, असं माझं ठाम मत आहे.

मिरजेचा_तंबोरा

शंभर टक्के सहमत. माझ्या वर्गातल्या मुली वीस वर्षांखालच्या आहेत, त्यांनाही ते ऐकवलं की वर्ग शांत होतो.

सांगलीची_पोर

मी या धाग्यातली बहुधा सर्वांत लहान, १९९१चा जन्म. आमच्या पिढीचं 'घर' म्हणजे अशोक पत्की. 'गोट्या'चं 'बीज अंकुरे अंकुरे' त्यांचं, 'आभाळमाया' त्यांचं, 'वादळवाट' त्यांचं. आणि 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची चालही त्यांनीच बांधली हे मला कॉलेजात असताना कळलं! १९८८च्या १५ ऑगस्टला ते पहिल्यांदा लागलं, संगीतसंयोजन लुई बँक्स यांचं, सुरुवात भीमसेनजींची, भैरवीत.

कळल्यावर मी सगळी परत ऐकली. पत्कींच्या शीर्षकगीतात पहिली ओळ अशी असते की ती कुणालाही म्हणता येते. फार वर नाही, फार खाली नाही, एका श्वासात मावते. 'मिले सुर'मध्येही तेच आहे. नाहीतर इतक्या भाषांतल्या इतक्या लोकांना ती एकच ओळ आपली कशी वाटली असती? मिरजताई, हे बरोबर आहे का? मी गाणं शिकलेले नाही.

मिरजेचा_तंबोरा

अगदी बरोबर आहे. आणि गाणं शिकायला या. सांगली-मिरज काही लांब नाही.

माजघर

मंडळी, काल रविवार झाला. सगळा धागा मी आईला दोन संध्याकाळी मिळून वाचून दाखवला होता. 'इथे भरा' वाचलं तेव्हा ती खूप वेळ मामांबद्दल बोलत होती.

काल खेळ बदलला. पोरांनी नाव विचारायचं सोडून 'हे कुणाच्या घरातलं' असं विचारायला सुरुवात केली. आईने दूरदर्शननंतर 'ब्योमकेश बक्षी' ऐकलं आणि लगेच म्हणाली, "छे, यांचं काही नातं नाही." समकाल, मी तिला तुमचं म्हणणं तोवर वाचून दाखवलं नव्हतं, ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. आकाशवाणी आणि दूरदर्शन पाठोपाठ लावल्यावर म्हणाली, "पहिली ऐकली की बाबा दाढी करताना दिसतात. दुसरी ऐकली की तुम्ही पोरं सतरंजीवर. दोन्ही वेळा मी कणीक मळत असायचे." मिरजताई, तुमच्या उत्तराला हे जोडून ठेवा.

सुरभी लागलं तेव्हा मात्र तिने बोट हवेत धरलं आणि ते सरळ न ठेवता डुलवत राहिली. तिला गमक हा शब्द मी सांगितलेला नाही.

एक विनंती आहे. आईला मुंबई केंद्रावरच्या 'आमची माती आमची माणसं'ची जुनी धून ऐकायची आहे. बाबा शेतीखात्यात होते, ते रोज न चुकता लावायचे. तिला सुरुवात गुणगुणता येते, पुढचं आठवत नाही. मोबाईलवर मला जे सापडलं ते नंतरचं आहे, आई म्हणते हे ते नव्हे. कुणाकडे जुनी टेप असेल तर कृपया कळवा.

गिरगावची_चाळ

ताई, दुकानात गिऱ्हाईकांचे व्हिडिओ डेक तपासायला मी टीव्हीवरून जे हाताला येईल ते मुद्रित करायचो. त्या व्हीएचएस कॅसेटी पोटमाळ्यावर दोन खोक्यांत आहेत. संध्याकाळचे शेतीचे कार्यक्रम त्यात नक्की आहेत, कारण दुकान त्याच वेळी रिकामं असायचं. कुठल्या सालचे ते लेबलावर लिहिलेलं नाही. डेकचा बेल्ट सैल झालाय, तो या आठवड्यात बदलतो आणि एकेक लावून बघतो. आईंना ती सुरुवात गुणगुणायला लावून मोबाईलवर मुद्रित करून मला पाठवा, म्हणजे हीच का ती हे मला ताडून पाहता येईल.

माजघर

आत्ता पाठवते. ती अजून जागी आहे.